विडी, सिगारेट, तंबाखू सोडायची आहे? सरकारी आरोग्य केंद्रात कोणती मदत मिळते आणि ती कशी चालते

"सोडून दे" हे तंबाखू खाणाऱ्याला आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला सगळेच सांगतात. घरचे सांगतात, डॉक्टर सांगतात, पाकिटावरचं चित्रही तेच सांगतं. पण सोडायची कशी, पहिल्या तीन दिवसांत तलफ आली तर काय करायचं, महिन्याभराने पुन्हा टपरीकडे पाय वळले तर कुणाला सांगायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. हे काम सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवलेलं आहे. जिल्हा रुग्णालयापासून गावातल्या आशा ताईंपर्यंत त्यासाठी माणसं आहेत. अनेकांना मात्र अशी सेवा असते हेच माहीत नसतं.

ही सेवा कुठे मिळते, तिथे नेमकं काय होतं, औषधं कोणती असतात आणि तिचा फायदा कसा करून घ्यायचा, याची ही माहिती.

थोडक्यात

- राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला. या कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर तंबाखू मुक्ती केंद्रं चालतात.
- मोफत राष्ट्रीय क्विटलाइन: १८००-११-२३५६. पाकिटांवर आणि पुड्यांवर छापलेला हाच तो नंबर.
- एसएमएसवर मदत हवी असेल तर ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल देता येतो.
- उपचाराचे दोन भाग असतात: समुपदेशन आणि गरज असेल तर औषध. दोन्ही मिळून घेतले तर यश येण्याची शक्यता वाढते.
- ही सेवा फक्त धूम्रपान करणाऱ्यांसाठी नाही. तंबाखू-चुना, मावा, खर्रा, गुटखा, मिश्री यांची सवय असलेल्यांसाठीही आहे.

नुसत्या इच्छाशक्तीवर का सुटत नाही?

तंबाखूतलं निकोटीन झुरका घेतल्यावर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. तिथे बरं वाटायला लावणारी रसायनं स्रवतात. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि मेंदू पुन्हा मागणी करतो. दिवसाला दहा-पंधरा सिगारेटी ओढणाऱ्याच्या दोन सिगारेटींमधलं अंतर बघितलं, तर हा हिशेब लगेच लक्षात येतो.

याला जोड असते ती सवयीची. चहा आला की सिगारेट, जेवण झालं की तंबाखूचा बार, गाडी सिग्नलला थांबली की विडी, सकाळी उठल्यावर पोट साफ व्हावं म्हणून चिमूट. शरीराची मागणी काही आठवड्यांत कमी होते. चहाच्या टपरीवरची मागणी मात्र पुढे कित्येक महिने येत राहते. म्हणून उपचारातही दोन भाग असतात. औषध शरीराची मागणी सौम्य करतं आणि समुपदेशन सवयीच्या जागा बदलायला मदत करतं.

सोडायची इच्छा नसते असंही नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या निम्म्याहून जास्त धूम्रपान करणाऱ्यांनी आणि जवळपास निम्म्या तंबाखू खाणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. मदत न घेता प्रयत्न करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि असे बहुतेक प्रयत्न पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात.

महाराष्ट्रात प्रश्न कोणता आहे?

याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्या एका माणसामागे तंबाखू खाणारे किंवा लावणारे सहा.

तंबाखूच्या धोक्यांची चर्चा फुफ्फुस, खोकला, छाती यांच्याभोवती फिरते. पण राज्यातल्या बहुतेक वापरकर्त्यांचा धोका तोंडात असतो. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, घराघरांतली मिश्री हे सगळं गाल आणि हिरड्यांशी तासन्‌तास संपर्कात राहतं. खर्रा आणि मावा यांत सुपारीही असते. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. ही कर्करोगाकडे नेऊ शकणारी अवस्था आहे.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण बंदीमुळे सवय आपोआप सुटत नाही. पुडी मिळाली नाही तर माणूस मावा बनवून घेतो. सवय सोडवायला आरोग्य सेवाच लागते.

मदत कुठे मिळते?

*गावात:* आशा ताई तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा एक साधा फॉर्म भरतात. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांचा धोका कुणाला जास्त आहे हे शोधण्यासाठी तो असतो. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो आणि रोज वापरणाऱ्याला जास्त गुण पडतात. एकूण गुण चारच्या वर गेले, तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलावलं जातं.

*उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र:* आता आयुष्मान आरोग्य मंदिर असा फलक लागलेल्या या केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी किंवा वैद्यकीय अधिकारी तोंडाची तपासणी करतात. तीस ते पासष्ट वयोगटात ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, अशी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं असं काही दिसलं तर पुढे पाठवलं जातं. सोडण्याचा पहिला सल्लाही इथेच मिळू शकतो.

*जिल्हा रुग्णालय:* लोक ज्याला सिव्हिल म्हणतात, तिथे तंबाखू मुक्ती केंद्र असतं. जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाच्या रचनेत सल्लागार, मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता अशी पदं आहेत. सविस्तर समुपदेशन आणि औषधोपचार इथे होतात.

*दंत महाविद्यालयं:* दातांच्या तपासणीला आलेला तंबाखूचा वापरकर्ता समोरच असतो, म्हणून दंत महाविद्यालयांतही तंबाखू मुक्ती केंद्रं आहेत. जवळ असं महाविद्यालय असेल, तर तो चांगला पर्याय ठरतो.

खर्चाचं म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं वेगळ्या यंत्रणांच्या अखत्यारीत येतात. तिथलं शुल्क आधी विचारून घ्यावं.

पहिल्या भेटीत काय होतं?

अनेकांना वाटतं की गेल्यावर ओरडा बसेल किंवा कर्करोगाचे फोटो दाखवून घाबरवतील. प्रशिक्षित समुपदेशकाची पद्धत तशी नसते. जगभर वापरल्या जाणाऱ्या पाच पायऱ्या इथेही वापरतात: विचारणं, सल्ला देणं, तयारी किती आहे ते पाहणं, मदत करणं आणि पुढची भेट ठरवणं.

सुरुवात साध्या प्रश्नांनी होते. "काका, सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने लागते?" हा प्रश्न गप्पांसारखा वाटला, तरी निकोटीनचं अवलंबित्व मोजण्याचा तो सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. फागरस्ट्रॉम चाचणी या दहा गुणांच्या प्रश्नावलीत पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला तीन गुण मिळतात. तासाभरानंतर ओढणाऱ्याला शून्य. दिवसाला किती, आजारी असताना ओढता का, जिथे मनाई आहे तिथे थांबणं जड जातं का, हेही विचारलं जातं. तंबाखू खाणाऱ्यांसाठी अशीच वेगळी प्रश्नावली असते. त्यात रात्री तोंडात ठेवून झोपता का, रस गिळता का, असे प्रश्न येतात.

काही केंद्रांत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचं छोटं यंत्र असतं. श्वास रोखून नळीत फुंकायचं, की आकडा दिसतो. सिगारेट सोडल्यावर एक-दोन दिवसांतच हा आकडा खाली येतो. छातीचा एक्स-रे बदलायला वेळ लागतो, पण हा बदल दुसऱ्याच भेटीत डोळ्यांनी दिसतो. त्यामुळे हुरूप येतो.

मग समुपदेशक विचारतो: आधी कधी सोडली होती का? किती दिवस टिकली? पुन्हा कशामुळे सुरू झाली? तीन महिने टिकून लग्नाच्या वरातीत मोडलेला प्रयत्न इथे अपयश म्हणून धरला जात नाही. तीन महिने सोडता येते आणि धोका मित्रांच्या गराड्यात आहे, अशा दोन उपयोगी गोष्टी त्यातून कळतात.

सोडायची तयारीच नसेल, तर जबरदस्ती केली जात नाही. सोडण्यातला फायदा कोणता वाटतो, अडचण कोणती वाटते एवढं बोलून दार उघडं ठेवलं जातं. पुढच्या भेटीत पुन्हा विचारलं जातं.

सोडण्याची तारीख आणि त्याआधीची तयारी

"बघू, कमी करतो" याऐवजी एक तारीख ठरवली जाते. ती साधारण पुढच्या एक-दोन आठवड्यांतली असते. फार लांबची तारीख ठेवली तर ती पुढे ढकलली जाण्याची शक्यता वाढते.

तोवर करायची कामं साधी असतात:

- प्रत्येक वेळी ओढताना किंवा खाताना वेळ, जागा आणि सोबत कोण होतं हे लिहून ठेवायचं. चार दिवसांत सवयीचा नकाशा समोर येतो.
- घरात आणि सोबत काम करणाऱ्यांना तारीख सांगायची. "मला देऊ नका, मागितली तरी देऊ नका" हेही सांगायचं.
- आदल्या रात्री खिसे, गाडीची डिकी, दुकानाचा गल्ला, उशीखालची जागा रिकामी करायची. माचिस, लायटर, चुन्याची डबी, अडकित्ता हेही नजरेआड करायचं.
- खर्चाचा हिशेब करायचा. दिवसाला ६० रुपये जात असतील, तर वर्षाला २१,९०० रुपये होतात.

रोजचा क्रम थोडा बदलण्यावर समुपदेशक भर देतात. चहासोबत सिगारेट ठरलेली असेल, तर काही दिवस चहा टपरीऐवजी घरी किंवा ऑफिसात घ्यायचा. जेवणानंतर बार भरायची सवय असेल, तर उठून लगेच चूळ भरायची, दात घासायचे आणि बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकायची. सुपारी मात्र पर्याय म्हणून घ्यायची नाही.

गम, पॅच आणि गोळ्या: कुणाला, कशा?

अवलंबित्व जास्त असेल तर औषध दिलं जातं. निकोटीनचा गम आणि पॅच हे त्यातले सगळ्यात परिचित प्रकार. यांत निकोटीन असतं, पण धुरातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड किंवा तंबाखूतली कर्करोगकारक रसायनं नसतात. शरीराला थोडं निकोटीन देत ते हळूहळू कमी करत न्यायचं, ही कल्पना आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात अशा उपचाराने सिगारेट सोडण्यात यश मिळण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते, असं दिसलं. भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपचाराचा समावेश आहे.

निकोटीन गम २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला किंवा खाणाऱ्याला साधारणपणे ४ मिलिग्रॅमचा सुचवला जातो. भारतात २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

गम फसतो तो बहुतेक वेळा चघळण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे. तो च्युइंगगमसारखा सतत चावायचा नसतो. हळू चावायचा, तिखट किंवा झिणझिण्या आल्यासारखं वाटलं की गाल आणि हिरडीमध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा थोडा चावायचा आणि जागा बदलून ठेवायचा. एक गम साधारण अर्धा तास चालतो. घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, थंड पेय किंवा लिंबूपाणी घ्यायचं नाही, कारण त्यामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही. भराभर चावला तर उचकी, मळमळ, छातीत जळजळ होते, आणि माणूस "मला गम सोसत नाही" म्हणून सोडून देतो.

उपचार साधारण आठ ते बारा आठवडे चालतो. पॅच त्वचेवर लावायचा असतो आणि तो दिवसभर सावकाश निकोटीन देतो. तोंडाला व्रण असतील किंवा तोंड नीट उघडत नसेल, तर गमपेक्षा पॅच सोयीचा ठरतो.

निकोटीन नसलेली औषधंही आहेत. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लीन या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. फिट येण्याचा त्रास असलेल्यांना ब्युप्रोपिऑन देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडण्याच्या उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत धूम्रपान सोडण्यासाठी निकोटीन उपचार, व्हॅरेनिक्लीन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसीन यांची, तर धूरविरहित तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनासोबत निकोटीन उपचार किंवा व्हॅरेनिक्लीनची शिफारस आहे.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी: सध्या कोणती औषधं चालू आहेत. धूम्रपान थांबल्यावर काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दम्यासाठी दिलं जाणारं थिओफिलिन आणि मानसिक आजारातलं क्लोझापिन ही त्यांतली दोन. अशा वेळी त्यांचा डोस बदलावा लागू शकतो.

रुग्णालयात जाणं शक्य नसेल तर?

दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं सगळ्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी फोनची सेवा आहे. राष्ट्रीय क्विटलाइन २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय, बंगळुरूची निम्हान्स आणि गुवाहाटीची कर्करोग संस्था इथेही तिची केंद्रं झाली. तंबाखूच्या वेष्टनांवर सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर छापला जातो.

नेहमीच्या हेल्पलाइनपेक्षा ही सेवा एका बाबतीत वेगळी आहे: इथून परत फोन येतो. पहिल्या फोनवर नोंदणी आणि माहिती होते, तारीख ठरते. त्यानंतर समुपदेशक स्वतःहून काही टप्प्यांवर फोन करून चौकशी करतो. ठरल्या दिवसानंतर कुणीतरी "काय झालं?" असं विचारणार आहे, हे माहीत असणं अनेकांना टिकून राहायला मदत करतं.

मिस्ड कॉलवर सुरू होणारी एसएमएस सेवा हा आणखी हलका पर्याय आहे. ज्यांना कुणाशी बोलायचा संकोच वाटतो, त्यांना सुरुवात म्हणून ती सोयीची पडते.

पहिल्या चार आठवड्यांत काय होतं?

शेवटची सिगारेट किंवा चिमूट घेतल्यावर काही तासांतच चुळबुळ सुरू होते. त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं, डोकं जड होणं, उदास वाटणं ही लक्षणं दिसतात. दोन ते चार आठवड्यांत ती बरीच ओसरतात.

"तंबाखू घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खोटी नसते. निकोटीन बंद झाल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. सकाळी कोमट पाणी, पालेभाज्या, फळं, चालणं यांनी बहुतेकांचा त्रास कमी होतो. नाही झाला, तर आरोग्य केंद्रातून साधं औषध मिळतं. त्यासाठी पुन्हा तंबाखूकडे जायची गरज नसते.

एकेक तलफ मात्र फार वेळ टिकत नाही. ती काही मिनिटांत ओसरते. म्हणून समुपदेशक चार गोष्टी सांगतात: पाच मिनिटं टाळा, घोट घोट पाणी प्या, खोल श्वास घ्या, हाताला दुसरं काम द्या.

घरच्यांचा वाटा इथे मोठा असतो. या दिवसांतली चिडचिड ही माणसाची नसून सुटणाऱ्या निकोटीनची आहे, हे त्यांना आधी सांगितलेलं असलं तर घरातले वाद टळतात. "एवढी चिडचिड करण्यापेक्षा ओढ बाबा एखादी" असं म्हणणारे घरचेच प्रयत्न मोडतात, असंही घडतं.

पुन्हा ओढली किंवा खाल्ली तर?

एक झुरका म्हणजे घसरणं. रोजची सवय परत लागणं वेगळं. या दोन्हींत फरक करणं महत्त्वाचं आहे. एकदा घसरल्यावर "आता झालंच" म्हणून पूर्ण पाकीट घेणं हाच खरा धोका असतो. त्याच दिवशी थांबलं, तर प्रयत्न चालू राहतो.

पूर्ण सवय परत लागली, तरी केंद्रात पुन्हा जाता येतं. नवी तारीख ठरवता येते, औषध बदलता येतं. कायमचं सोडणाऱ्यांतल्या अनेकांनी त्याआधी एकाहून जास्त प्रयत्न केलेले असतात. पुढच्या भेटीला न जाण्याचं सगळ्यात मोठं कारण लाज हे असतं, आणि समुपदेशकाला तर असे रुग्ण रोजच भेटत असतात.

गरोदरपणात, क्षयरोगात आणि इतर आजारांत

गरोदर महिलेला तपासणीच्या वेळी तंबाखूबद्दल विचारलं गेलं, तरी "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला उत्तर "नाही" असंच येतं. मिश्री लावण्याबद्दल वेगळं विचारावं लागतं, कारण अनेकींना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायची पावडर वाटते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटीन बाळापर्यंत पोहोचतं. गरोदरपणात आधी समुपदेशनावरच भर असतो. औषध द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतात.

क्षयरोगाच्या रुग्णांनाही तंबाखूबद्दल विचारून सोडायला मदत करावी, अशी दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रमांची एकत्रित योजना आहे. क्षयरोगाचा उपचार किमान काही महिने चालतो, रुग्ण पुन्हा पुन्हा केंद्रात येतो. सोडवण्यासाठी याहून चांगली संधी क्वचितच मिळते.

काय टाळावं?

ई-सिगारेटच्या उत्पादन, विक्री, आयात आणि जाहिरातीवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. सरकारी केंद्रं सोडण्याचा उपाय म्हणून ती देत नाहीत.

"रुग्णाला न सांगता जेवणात मिसळा, व्यसन सुटेल" अशा पावडरींच्या जाहिरातींपासून लांब राहावं. त्यात काय आहे हे माहीत नसतं, दुसऱ्या औषधांसोबत त्यांचा काय परिणाम होईल हे सांगता येत नाही. शिवाय ज्याला सोडायची आहे तोच या उपचारात सामील नसतो.

ही सेवा कुठे कमी पडते?

सगळ्यात मोठी त्रुटी पहिल्याच पायरीवर आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात, डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के जणांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांत हे प्रमाण ३१.७ टक्केच होतं. म्हणजे दर तीन तंबाखू खाणाऱ्यांपैकी दोघे जण दवाखान्यात जाऊन आले आणि त्यांना कुणी सोडण्याबद्दल काही बोललं नाही. ज्या राज्यात तंबाखूचे बहुतेक वापरकर्ते खाणारे आहेत, तिथे ही उणीव मोठी ठरते.

डॉक्टरांनी दोन-तीन मिनिटं बोलण्याने फार लोक सोडत नाहीत. कॉक्रेनच्या आढाव्यानुसार मदतीशिवाय शंभरात दोन-तीन जण सोडत असतील, तर अशा छोट्या सल्ल्याने आणखी एक ते तीन जण सोडतात. आकडा लहान दिसतो. पण बाह्यरुग्ण विभागात वर्षभरात हजारो वापरकर्ते येऊन जातात, त्या प्रत्येकाला विचारलं गेलं तर यातून वाचणारे जीव कमी नसतात.

दुसरी अडचण अंतराची. सविस्तर समुपदेशन जिल्ह्याच्या ठिकाणी आणि रुग्ण तालुक्याच्या टोकाला, त्यामुळे दुसरी-तिसरी भेट राहून जाते. गम किंवा पॅच प्रत्येक केंद्रात प्रत्येक वेळी असेलच असं नाही. म्हणून पहिली भेट प्रत्यक्ष घेऊन पुढचा पाठपुरावा फोनवर करणं अनेकांना सोयीचं पडतं.

सोडल्याने खरंच किती फरक पडतो?

ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या आणि पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाने याचं उत्तर दिलं आहे. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे दहा वर्षांचं आयुष्य परत मिळालं. चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन वर्षं मिळाली. "आता या वयात सोडून काय उपयोग?" या प्रश्नाला हे आकडे पुरेसं उत्तर देतात.

पहिल्या दिवशी काय करायचं?

केसपेपरच्या खिडकीवर "तंबाखू सोडायची आहे, त्यासाठीचं केंद्र कुठे आहे?" एवढं विचारलं तरी पुरतं. खोली सापडली नाही, तर दंत विभागात किंवा असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत विचारावं. गावात असाल तर आशा ताईंना सांगावं. सोबत चालू औषधांची चिठ्ठी घ्यावी. दिवसाला किती आणि पहिली कधी, हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी "मी तंबाखू खातो" किंवा "मी मिश्री लावते" हे आपणहून सांगावं. विचारलं न जाणं ही या सेवेतली सगळ्यात मोठी फट आहे, आणि ती रुग्णाला एका वाक्यात बुजवता येते.